वाफ्यात पाणी ठरत नाही

“सायेब, ह्या वाफ्यात पाणी ठरत न्हाई,” शेवंतामावशी म्हणाल्या.

मी बाभळीखाली खुर्ची टाकून रजिस्टर भरत होतो. मान वर न करताच विचारलं, “कुठल्या?”

“ह्या मधल्या तिन्ही. सकाळी काठोकाठ भरलं हुतं. आता बगा, तळ दिसाय लागलाय.”

“ऊन आहे मावशी. उन्हानं आटतं.”

“ऊन काय तीनच वाफ्यांवर पडतंय व्हय?”

अडलं की मी तेव्हा साहेबी आवाज काढायचो. “तुम्ही पाणी मारा. विचार करायला मी आहे,” मी म्हणालो. त्यांनी पाइप उचलला आणि त्या तीन वाफ्यांत पुन्हा पाणी सोडलं.

ह्याला आता सव्वीस वर्षं झाली. गाव बोरजाई, माणदेशाच्या कडेला. तिथं पावसाळ्यातसुद्धा ढग येतात, गावाकडे बघतात आणि पुढे निघून जातात. एसटी स्टँडपासून शाळेपर्यंत काँक्रीटचा रस्ता करायचा होता. ठेकेदार बर्गेशेठ साताऱ्यात बसून फोन करायचे आणि मी बोरजाईत उभा राहून ‘हो’ म्हणायचो. वय चोवीस, हातात डिप्लोमा, पहिलीच साइट. डोक्यावर पांढरं हेल्मेट आणि खिशाला दोन पेनं. गावातले म्हातारेही मला साहेब म्हणायचे, आणि मला ते खरंच वाटायचं.

काँक्रीट ओतलं की काम संपलं असं लोकांना वाटतं. तसं नसतं. ओतल्यावर पंधरा दिवस त्याला भरपूर पाणी पाजावं लागतं, नाहीतर ते कच्चं राहतं. त्यासाठी रस्त्यावर मातीचे वीतभर उंचीचे बांध घालून वाफे करायचे आणि ते सतत भरलेले ठेवायचे. हे काम शेवंताबाई वाघमोडे यांच्याकडे होतं. पंचेचाळिशीच्या, उंच, काटक बाई. पाणी सोडताना पाइपच्या तोंडाशी पायाचा अंगठा धरायच्या, म्हणजे धारेनं माती उकरत नाही. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. निम्मा जन्म दुसऱ्यांच्या रानात पाणी धरण्यात गेला होता.

आणि त्या रस्त्याच्या पाण्यावर त्यांचं मोठं काहीतरी अवलंबून होतं. गावाला नळाचं पाणी सोडणारे गणूनाना थकले होते. त्यांच्या जागी माणूस नेमायचा होता. सरपंच दत्तूअण्णा पिसाळ मावशींना सगळ्यांदेखत म्हणाले होते, “रस्त्याचं पाणी नीट मारून दाखव, शेवंता. मग गावाच्या पाण्याची चावी तुझ्याकडं.” मावशी वरच्या वस्तीवर राहायच्या. तिथं नळाला पाणी सगळ्यांत शेवटी पोचायचं, आणि पुष्कळदा पोचायचंच नाही. पगारापेक्षा त्यांना त्या चावीची ओढ होती. “येकदा चावी हातात येऊ द्या,” त्या मला म्हणायच्या, “वरच्या बायका आडावर दिसल्या तर नाव बदलीन.”

सोळाव्या दिवशी आम्ही बांध खरवडून काढले. दुपारपर्यंत रस्ता वाळून पांढरा झाला. मधल्या तीन पट्ट्यांवर मात्र एकेक काळी ओली रेघ राहिली, ती काही वाळेना. मी जवळ जाऊन बसलो आणि नखानं उकरून बघितलं. भेग होती. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, वेडीवाकडी, तिन्ही पट्ट्यांना.

संध्याकाळपर्यंत निम्मं गाव तिथं येऊन गेलं. दत्तूअण्णा धोतराचा सोगा धरून भेगेच्या कडेकडेनं चालले आणि मावशींपुढे येऊन थांबले.

“हे तिन्ही वाफे मी माझ्या डोळ्यांनी कोरडे बघितलेत, शेवंता. एकदा न्हाई, चारदा. शाळेकडं जाताना.”

“अण्णा, म्या दिवसातनं आठ-आठ डाव भरत हुते.”

“मग कोरडे कसे? शेजारचे भरलेले आन् हेच कोरडे?”

मावशींनी माझ्याकडे बघितलं. “म्या सायबास्नी सांगितलं हुतं की. तिसऱ्याच दिवशी. ह्यात पाणी ठरत न्हाई म्हणून.”

अण्णाही माझ्याकडे वळले. “साहेब, तुम्ही सांगा. पाणी कमी पडलं की काँक्रीट असं तडकतं का?”

“तडकू शकतं,” मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं. कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं आहे. पण मावशींनी मला सांगितलं होतं हेही खोटं नव्हतं, आणि ते मी बोललो नाही. त्याच दिवशी दुपारी बर्गेशेठांचा फोन येऊन गेला होता. “पाणी मारणाऱ्या बाईनं घोटाळा केला असं लिही आणि मोकळा हो,” ते म्हणाले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची ती तयारी होती. चोर कोण हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं, निदान मी स्वतःला तसं सांगत होतो.

“जिला रस्त्याला पाणी मारता आलं न्हाई, तिच्या हातात गावाचं पाणी कसं द्यायचं?” अण्णा जाताना म्हणाले. “शुक्रवारी चार वाजता सभा हाय. तवा काय ते ठरवू.”

मावशींनी पाइप गुंडाळला, धुतला आणि नेहमीच्या जागी खुंटीला लावला. मला त्यांच्याकडे बघवलं नाही, म्हणून मी रजिस्टर बघत बसलो.

शुक्रवारी सकाळी इनामदार सर आले. कॉलेजातून निवृत्त झालेले, काँक्रीट हाच आयुष्यभराचा विषय. सरकारी खात्यानं त्यांना तपासणीसाठी पाठवलं होतं. सडपातळ माणूस, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, बोलणं हळू. मी त्यांच्यामागे रजिस्टर घेऊन फिरत होतो.

“रस्ता बिघडायची कारणं फार नसतात, ढवळे,” ते म्हणाले. “त्याच त्या पाच-सहा चुका माणसं गावोगाव करत असतात. एकेक पुसत जाऊ.”

त्यांनी रस्त्याच्या कडेला हातभर खड्डा घ्यायला लावला आणि खालचा मुरूम पहारीनं ठोकून बघितला. पहार नुसती वाजली. “पाया पक्का आहे. खचलेला नाही.” मग ठोकळ्यांचे आकडे बघितले. काँक्रीट ओतताना त्यातलंच थोडं साच्यात भरून ठोकळे करतात आणि नंतर दाबून फोडून बघतात. “ताकद आहे. म्हणजे मजुरांनी काम सोपं जावं म्हणून जादा पाणी ओतलेलं नाही. पाइपलाइनसाठी कुणी उकरलं का? नाही. उसाच्या गाड्या गेल्या का? त्याही नाहीत. आता उरलं काय?”

“पाणी मारणं, सर,” मी म्हणालो.

“बघू.”

बरोबर भेगेवरच त्यांनी यंत्र लावलं आणि रस्त्यातून मनगटाएवढा गोल खांब कापून काढला. तो बादलीत बुडवून धुतला आणि बाभळीखालच्या माझ्या खुर्चीवर उभा केला. वरपासून खालपर्यंत भेग दिसत होती. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, डोळे अगदी जवळ नेले आणि बराच वेळ बघत राहिले.

“इकडे या. ही भेग कुठून गेलीय सांगा.”

“मधून.”

“मधून सगळंच जातं. खडीतून गेलीय की खडीच्या कडेनं?”

मी वाकून बघितलं. काळ्या खडीचा एकही तुकडा फुटलेला नव्हता. भेग प्रत्येक खडीला वळसा घालून खाली उतरली होती.

“काँक्रीट पक्कं झाल्यावर तडकलं असतं, तर खडी फोडून सरळ गेलं असतं,” सर म्हणाले. “इथं खडीची आणि सिमेंटची अजून नीट ओळखही झाली नव्हती, तेव्हाच हे उकललंय. पहिल्या दिवसाचं काम आहे. पहिली रात्र म्हणा. तेव्हा वाफे झाले होते का?”

“नाही. वाफे तिसऱ्या दिवशी सकाळी केले. तोवर ओली गोणपाटं होती.”

“म्हणजे वाफे भरायला लागायच्या आधीच भेग होती. मग पाणी ठरणार कसं? त्या बाईंनी विहीर आणून ओतली असती तरी खालच्या मुरमात गेली असती.” त्यांनी खांबावरून बोट फिरवलं. “त्यांनी तुम्हाला तसं काही सांगितलं नाही का?”

“सांगितलं होतं,” मी म्हणालो.

सरांनी माझ्या हातातलं रजिस्टर घेतलं, पान काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. “ह्या तीन पट्ट्यांच्या मधल्या रेघा कटरनं कधी मारल्या? इथं तुम्ही लिहिलंय, ओतल्या दिवशीच, संध्याकाळी पाच.”

रेघ मारणं म्हणजे काय ते आधी सांगतो. काँक्रीट वाळताना आकसतं, आणि आकसलं की कुठंतरी तडकतंच. त्याला कुणी अडवू शकत नाही. म्हणून दर पंधरा फुटांवर करवतीसारख्या यंत्रानं आपणच सरळ चीर पाडून ठेवायची. मग ते निमूटपणे त्या चिरेखाली तडकतं, कुणाला दिसतही नाही. पण हे त्याच दिवशी करावं लागतं, दिवस मावळायच्या सुमारास. उशीर झाला तर काँक्रीट आपली वाट आपण शोधतं.

“पाच वाजता नाही मारल्या, सर,” मी म्हणालो. “दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मारल्या.”

“का?”

“त्या दिवशी नागपंचमी होती.”

मग मी त्यांना सगळं सांगितलं. पंचमीच्या दिवशी सकाळी मधले राहिलेले हे तीन पट्टे ओतायचं ठरलं, कारण काँक्रीटच्या गाड्या दुसऱ्या दिवसापासून दुसरीकडे जाणार होत्या. मजूर विजापूरकडचे होते, ते कामाला तयार होते. अकरापर्यंत ओतून झालं. दुपारी दत्तूअण्णांच्या आईनं माझ्यासाठी पुरणाची दिंडं पाठवली. पंचमीला घरात काही चिरत नाहीत, तळत नाहीत, चुलीवर तवा ठेवत नाहीत, म्हणून उकडलेली दिंडं. मी चार खाल्ली. पावणेपाचला कटरवाला रमजान मुजावर यंत्र घेऊन आला. त्यानं दोरी धरून रेघा आखल्या, पातं लावलं आणि माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात शेवंतामावशी धावत आल्या.

“सायेब, आज नगा चिरू. हात जोडते.”

“अहो, रस्ता आहे हा मावशी. भाजी नाही.”

“भुईच हाय न्हवं? आज भुईला पातं लावायचं नसतंय. माझ्या भावानं पंचमीला कुळव धरला हुता, सगळी नगं म्हनत हुती तरी. त्याच साली त्याला पान लागलं.” साप चावला असं आमच्याकडे म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. “वाचला, पर हाताची दोन बोटं गेली. त्याच्यासाठी काल दिवसभर उपास केलाय म्या. आजच्या दिवस ऱ्हाऊ द्या. उद्या उजाडता चिरा.”

रमजान खाली बसून पातं पुसत होता. “साहेब, दिवस मावळायच्या आत मारलेलं बरं,” तो हळूच म्हणाला. “ह्याला रात्र काढू द्यायची नसते.”

तो अंगठाबहाद्दर, पण त्याला कळत होतं. मीही शिकलो होतो, परीक्षेत पाच मार्कांना लिहिलंही होतं. पण समोर बाई हात जोडून उभी, मागे गाव, पोटात गावाची दिंडं. मला वाटलं, एका रात्रीनं काय आभाळ कोसळतंय? मी मोठ्या मनानं म्हणालो, “बरं मावशी. तुमच्यासाठी थांबवतो.” त्यांनी तिथल्या तिथे भुईला हात लावून नमस्कार केला, आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

त्या संध्याकाळी, नेमकी त्याच संध्याकाळी, गार वारं सुटलं आणि पावसाची एक सर पडून गेली. दिवसभर तापलेलं काँक्रीट घटकाभरात गार पडलं. सकाळी रमजाननं रेघा मारल्या. गोणपाट रेघेपुरतंच बाजूला केलं होतं, त्यामुळे मधे काय झालंय ते कुणी बघितलं नाही. आणि नियमात त्याच दिवशी असं लिहिलंय म्हणून मी रजिस्टरात त्याच दिवशीची संध्याकाळ लिहिली.

इनामदार सरांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

“माझ्या अहवालात मी भेग पहिल्या रात्रीची आहे एवढं लिहीन,” ते म्हणाले. “तो कागद खात्याकडून इथं यायला पंधरवडा लागेल. सभा आज चार वाजता आहे ना?”

“हो.”

“मग पुढचं तुमच्याकडे.” त्यांनी रजिस्टर मिटून माझ्या हातात दिलं, उपरणं सोडून पुन्हा बांधलं आणि ते जीपकडे गेले.

मी दुपारी जेवलो नाही. खरं बोललो तर नोकरी जाणार हे नक्की होतं, पण त्याहून मोठी अडचण दुसरीच होती. रेघा का थांबवल्या असं विचारलं तर काय सांगायचं? मावशींनी हात जोडले म्हणून, असं सांगितलं तर फिरून सगळं त्यांच्याच डोक्यावर. पाणी कमी मारलं म्हणून नाही, तर पाण्याच्या आधीच रस्ता फोडला म्हणून. शेवटी मी ठरवलं की माझ्यापुरतं बोलायचं आणि त्यांचं नाव काढायचं नाही.

सभा पंचायतीच्या कचेरीपुढच्या ओट्यावर होती. चाळीसभर माणसं असतील. बायका भिंतीकडेला बसल्या होत्या, त्यांत मावशी. टेबलावर अण्णांपुढे गणूनानांची चावी ठेवली होती. दोन हात लांब लोखंडी दांडा, वर आडवी मूठ. गावातले सगळे व्हॉल्व तिच्यानंच फिरायचे.

“पहिला विषय रस्ता,” अण्णा म्हणाले. “साहेब, तपासणी झाली म्हणं. बोला.”

मी उभा राहिलो. “भेग पाणी कमी पडल्यानं गेलेली नाही. पाणी मारायला सुरुवात व्हायच्या आधीच गेली होती. मावशी वाफे भरत होत्या आणि पाणी त्या भेगेतून खाली जात होतं, म्हणून वाफे कोरडे दिसायचे. त्यांनी मला हे तिसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.”

ओट्यावर कुजबुज झाली. अण्णांनी हात वर केला. “मग भेग गेली कशानं?”

“रेघा वेळेवर मारल्या नाहीत. ओतलं त्याच संध्याकाळी मारायच्या होत्या. मी दुसऱ्या दिवशी मारल्या, आणि रजिस्टरात खोटी वेळ लिहिली. चूक माझी आहे.”

“आन् त्या दिवशी का न्हाई मारल्या?”

“मी ठरवलं तसं.”

“का ठरवलं?”

भिंतीकडे बघायचं नाही असं मनाशी घोकत होतो, आणि तिकडूनच आवाज आला.

“म्या सांगितलं म्हणून,” शेवंतामावशी उभ्या राहिल्या होत्या. “पंचमी हुती त्या दिशी. सायेब चिरायलाच निघालं हुतं. म्या हात जोडलं, भावाचं सांगितलं, म्हणून त्यांनी थांबवलं. त्यांच्यावर येकट्यावर घालू नगा.”

माझा सगळा बेत पाण्यात गेला. अण्णांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

“आता हे बघा,” ते म्हणाले, “मला खोटं बोलता यायचं न्हाई. पंचमीला मशीन सुरू झालं असतं तर अडवाय पहिला मीच गेलो असतो. शेवंता पळत गेली, मी जेवत हुतो, एवढाच फरक.”

दोघेतिघे हसले. मावशी हसल्या नाहीत. त्या अजून उभ्याच होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या.

“सायेब, येक इचारू? ते रेघा मारत्यात कशाला?”

अख्ख्या कामात, त्या चार महिन्यांत, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं. मी सांगायला लागलो. काँक्रीट वाळताना आकसतं. आकसलं की तडकतं. म्हणून आपण आधीच सरळ चीर पाडून द्यायची. ती त्याच दिवशी पाडली तर ते आपलं ऐकतं, दुसऱ्या दिवशी ऐकत नाही.

मावशींनी क्षणभर विचार केला. “म्हंजी वड्यांवानी.”

“वड्या?”

“ताटात वड्या थापल्या की गरम हायत तवरच सुरीनं रेघा वडाय लागत्यात. गार झाल्यावर सुरी लावली तर कुटंबी तुकडं पडत्यात.” भिंतीकडेच्या सगळ्या बायकांनी माना हलवल्या. त्यांतल्या एकीलाही ह्याहून जास्त समजावून सांगायची गरज नव्हती.

“हो,” मी म्हणालो. “तसंच.”

“येवडंच हुतं?”

“एवढंच.”

“आवं मग हे आदी का न्हाई सांगितलं मला?” त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मला तो आजही ऐकू येतो. “ज्या दिशी वतायचं त्याच दिशी चिराय लागतंय, हे मला म्हाईत असतं तर म्या सकाळीच आले असते की हात जोडाय. वतूच नगा म्हनले असते. चिरायचं न्हाई त्या दिशी वतायचं बी न्हाई. येक दिस मागंफुडं झालं असतं, दुसरं काय? तुमी माझं ऐकलं, पर मला काय सांगितलं न्हाई.”

मी खरं तर त्यांना समजणार नाही म्हणून सांगितलं नव्हतं. तसं कधी मनात ठरवलंही नव्हतं, ते आपोआप धरून चाललो होतो. त्यांच्यासाठी थांबवून मी उपकार केले असं समजत होतो. चाळीस माणसांसमोर मला त्याची लाज वाटली, आणि ती लाज नोकरी जाण्याच्या भीतीपेक्षा मोठी होती.

“माझं चुकलं, मावशी,” मी म्हणालो.

“चुकलं तर चुकलं. रस्त्याचं काय करायचं ते बगा,” त्या म्हणाल्या आणि बसल्या.

रस्त्याचं म्हणाल तर ते तीन पट्टे फोडून नव्यानं ओतले गेले. बर्गेशेठांनी मला त्याच आठवड्यात घरी पाठवलं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. नंतर पुष्कळ साइट झाल्या. पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी सभेत अजून दुसरा विषय बाकी होता.

अण्णांनी गणूनानांकडे बघितलं. नानांनी मान डोलावली. “मी वाफे कोरडे बघितले आन् बोललो,” अण्णा म्हणाले. “का कोरडे ते बघितलं न्हाई. शेवंता, ते मागं घेतो. चावी तुझीच. कुणाचं काय म्हणणं हाय का?”

कुणाचंच काही म्हणणं नव्हतं. गणूनाना टेबलाचा आधार घेऊन उठले, दोन्ही हातांनी चावी उचलली आणि मावशींपुढे धरली. बायकांतून कुणीतरी मावशींना कोपरानं ढोसलं. मावशी उठल्या, पदर खोचला, पण हात पुढे केले नाहीत.

“घे की,” नाना म्हणाले.

“घेते. पर आदी मला दावा,” मावशी म्हणाल्या. “कुठला व्हॉल्व फिरवला की पाणी कुटं जातंय, आन् वरच्या वस्तीवर का चढत न्हाई. सगळं दावा, मग हात लावते.”

“अगं, लई हायत. तेरा व्हॉल्व हायत गावात. अंधार पडंल.”

“पडू द्या.”

नानांनी अण्णांकडे बघितलं, अण्णांनी कपाळाला हात लावला, आणि सभा तिथंच संपली. नाना चावी काठीसारखी टेकत ओट्यावरून उतरले, मावशी त्यांच्यामागे. मी रजिस्टर छातीशी धरून एका बाजूला उभा होतो. माझ्यासमोरून जाताना त्या थांबल्या.

“तुमी बी चला, सायेब,” त्या म्हणाल्या. “तुमास्नी तरी कुटं म्हाईत हाय.”

मी रजिस्टर ओट्यावर ठेवलं, चपला घातल्या आणि त्यांच्यामागून निघालो.